जुन्या पुस्तकांच्या दुकानातला एक तास

खडवली म्हटलं की बाहेरच्यांना भातसा नदी आठवते. उन्हाळ्यात रविवारच्या दिवशी कसारा लोकलमधून टोप, पिशव्या, बॅट-बॉल घेतलेली मंडळी उतरतात, दिवसभर पाण्यात असतात आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांनीच परतीची गाडी पकडतात. इथे राहणाऱ्यांना नदीचं तेवढं अप्रूप नाही. आमच्या स्टेशनबाहेर वडापाव मिळतो, मोबाईलचं रिचार्ज मिळतं, वह्या, कंपासपेट्या आणि गाईडं मिळतात. गोष्टीचं पुस्तक मिळत नाही. ते हवं असेल तर कल्याण गाठायचं. मध्ये टिटवाळा, आंबिवली, शहाड. गाडी वेळेवर असेल तर प्रवास फारसा नाही, पण नुसतं गोष्टीचं पुस्तक आणायला मुलाला घेऊन कल्याणला गेलेलं घर मी आमच्या भागात अजून पाहिलेलं नाही. दवाखान्यासाठी जातात, लग्नाच्या बस्त्यासाठी जातात, हप्त्यावर फ्रीज आणायला जातात.

मी मात्र पुस्तकांसाठी जाते, आणि तेही नव्या दुकानात नाही, तर रद्दीच्या. कल्याणला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक गाळा आहे. पुढे काटा, डाव्या हाताला सुतळीने बांधलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, उजवीकडे बाटल्या आणि प्लास्टिक, आणि मागच्या भिंतीला दोन लाकडी फळ्यांवर ‘चालणारी’ पुस्तकं. ‘चालणारी’ हा शेठचा शब्द. त्याची वर्गवारीची पद्धत साधी आहे. जाड आणि इंग्रजी असेल ते डोळ्यांच्या उंचीवर. इंजिनिअरिंगचं त्याच्या शेजारी. गाईडं आणि अपेक्षित प्रश्नसंच कंबरेच्या उंचीवर, कारण ती खपतात. मराठी कथा-कादंबऱ्या सगळ्यात खाली, जमिनीवर, ढिगात. म्हणजे मराठी पुस्तकासाठी उकिडवं बसावं लागतं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मला हे जरा जास्तच जाणवतं.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. अशा दुकानात मुलांना न्या. त्यांच्या हातात तीस-चाळीस रुपये द्या आणि बाजूला उभे राहा. शाळेतलं कपाट, बक्षीस समारंभ आणि वाचन प्रेरणा दिन हे तिन्ही मिळून जे करत नाहीत, ते त्या एका तासात होण्याची शक्यता असते असं माझं मत आहे. सहकारी शिक्षकांना हे आवडणार नाही, कारण त्या तिन्ही गोष्टींसाठी आपण सगळे राबतो. मीही राबते. पण तिन्हीकडे पुस्तक मुलाला ‘दिलं’ जातं. ते निवडलेलं असतं आपण, नाहीतर कुठल्यातरी समितीने.

आधी त्या ढिगाची गंमत सांगते. नव्या पुस्तकांच्या दुकानात जाताना आपल्याला काय हवं ते ठाऊक असावं लागतं. तिथे काचेच्या पलीकडचा माणूस विचारतो, “काय पाहिजे?” आणि ज्याला ठाऊक नाही तो ओशाळतो. मोबाईलवरून मागवायचं तरी नाव टाईप करावं लागतं. रद्दीच्या दुकानात कुणी काही विचारत नाही. शेठ वजन करण्यात गुंतलेला असतो. ढिगात पुस्तकं आडवी, उभी, पालथी, कशीही. मी एकदा ज्ञानेश्वरीच्या खाली बाबूराव अर्नाळकर पाहिले आणि अर्नाळकरांच्या खाली कुक्कुटपालनावरची एक पुस्तिका. ग्रंथपाल असा शेजार कधीही जमू देणार नाही. पण मन असंच चालतं की! कोंबड्यांची पुस्तिका मी उभ्या उभ्या अर्धी वाचली. अंडी उबवायला एकवीस दिवस लागतात एवढं सोडलं तर त्यातलं मला काही माहीत नव्हतं.

मग एखादं पुस्तक उघडावं तर पहिल्या पानावर निळ्या शाईतलं नाव. “चि. सौ. कां. हिस लग्नानिमित्त सप्रेम भेट.” कुठे लायब्ररीचा शिक्का आणि त्यावर लाल पेन्सिलीने ‘रद्द’. पानात पिंपळाचं जाळीदार पान, किंवा पुठ्ठ्याचं जुनं रेल्वे तिकीट, ज्यावर छिद्र पडलेलं असतं. मागे एकदा माझ्या हाती एक चरित्र लागलं. आत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, “हस्ताक्षर स्पर्धा, तृतीय क्रमांक, इयत्ता ५ वी ब, १९७४.” पुस्तक कोरं करकरीत. मधली काही पानं वरच्या बाजूला एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात ती कापायची राहून गेली होती आणि नंतरही कुणी कापली नव्हती. म्हणजे पन्नास वर्षांत ते पुस्तक एकदाही पुरतं वाचलं गेलं नव्हतं. बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या, पुस्तक कपाटात गेलं, आणि एक दिवस घर आवरताना रद्दीत आलं. त्या मुलाचा यात काही दोष नाही. पाचवीतल्या पोराला कोण देतं असलं चरित्र?

शाळेच्या कपाटाचंही तेच. मी काम केलेल्या एका शाळेत योजनेतून आलेल्या पुस्तकांचा सुंदर संच होता. कपाटाची किल्ली होती आणि ती किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीतही होतं. तरी कपाट उघडत नसे. कारण डेडस्टॉक रजिस्टर. पुस्तक फाटलं, हरवलं तर भरून कोण देणार? ज्यांच्या नावावर तो चार्ज होता त्या शिक्षकाला मी नावं ठेवणार नाही. तपासणीला त्यांनाच उभं राहावं लागायचं. पण मुलांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की पुस्तक ही खराब होऊ शकणारी आणि आपल्याला ओरडा खायला लावणारी वस्तू आहे. रद्दीतल्या पुस्तकाला ही भीती नाही. ते आधीच खराब झालेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी सातवीतल्या सात मुलांना कल्याणला घेऊन गेले. पालकांची परवानगी घेतली, एकाच्या आईला सोबत घेतलं, प्रत्येक मुलाने घरून तीस रुपये आणले. एकाचे नव्हते, ते मी दिले आणि बाकीच्यांना कळू दिलं नाही. शेठला आधी सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, “या ना मॅडम, पण पोरांना सांगा, काट्यावर चढायचं नाय.” पहिली गोष्ट त्यांनी ती केली. दोघं काट्यावर चढले.

नंतरची पंधरा मिनिटं वाया गेली असं मला वाटलं. मुलं ढिगाकडे बघत उभी. एकाने विचारलं, “मॅडम, कुठलं घ्यायचं?” मी म्हटलं, “तुला हवं ते.” तो तसाच उभा. सात वर्षं आपण या मुलांना पान नंबर सांगत आलोय. पुस्तक काढा, पान अठ्ठावीस, दुसरा परिच्छेद. हवं ते काढ असं कुणी त्यांना कधी म्हटलेलंच नाही. मला त्या क्षणी माझीच जरा लाज वाटली.

मग एक जण खाली बसला, त्याचं बघून दुसरी बसली. पुस्तकं उलटीपालटी व्हायला लागली. चित्रं आहेत का, अक्षर मोठं आहे का, मागे किंमत काय, यावरून आधी निवड. हळूहळू कुणीतरी वाचायला लागलं, मोठ्याने. “ए, हे ऐक ना.” तिथून पुढचा पाऊण तास मला त्यांच्याकडे बघण्याशिवाय काही काम नव्हतं आणि ते फार अवघड काम होतं. किशोर मासिकाचे जुने अंक एका गठ्ठ्यात होते. किशोर बालभारती काढते, १९७१ च्या नोव्हेंबरपासून. तो गठ्ठा माझ्या पायाशी होता आणि माझ्या जिभेवर होतं, “अरे, हे घ्या, हे चांगलं आहे.” मी जीभ चावली. तेवढ्यात एका मुलीच्या हाताला ‘देनिसच्या गोष्टी’ लागलं. तिने चाळलं, परत ठेवलं. माझा जीव वरखाली! ज्यांना ते पुस्तक माहीत आहे त्यांना माझी अवस्था कळेल. रशियन मुलांच्या या गोष्टी अनिल हवालदारांच्या मराठीत आल्या, आणि सोव्हिएत प्रकाशनांच्या त्या स्वस्त, देखण्या पुस्तकांवर आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांची सुट्टी गेली. १९९१ साली सोव्हिएत संघच उरला नाही आणि पुस्तकांचा तो ओघही आटला. ती पुस्तकं आता प्रामुख्याने अशा ढिगातच भेटतात. तिने ते ठेवून दिलं आणि मी गप्प बसले. (नंतर मी ते विकत घेतलं. नियम मुलांच्या बाबतीत होता.)

शेवटी काय घेतलं मुलांनी? एकाने मोटार रिवाइंडिंगचं पुस्तक घेतलं. त्याचे वडील पंप दुरुस्त करतात. एकीने मेंदीच्या नक्ष्यांचं. एकाने चक्क एका जुन्या डायरीतली न लिहिलेली डायरी घेतली आणि माझ्याशी वाद घातला की हे पण पुस्तकच आहे. दोघांनी पैसे जमवून एक जाडजूड इंग्रजी ॲटलास घेतला, ज्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे. तो घेऊन एक जण दुसऱ्या दिवशी विचारायला आला, “मॅडम, हा देश कुठे गेला?” इतिहासाच्या तासाला इतका चांगला प्रश्न मला क्वचित कुणी विचारला आहे. एकीने रहस्यकथा घेतली, तिच्याबद्दल शेवटी सांगते.

परत आल्यावर तीन पालकांनी नाराजी बोलून दाखवली. दोघांचं म्हणणं अपेक्षितच होतं. तीस रुपयांत मेंदीचं पुस्तक कशाला, त्यापेक्षा व्याकरणाचं घ्यायचं. तिसऱ्यांचं बोलणं मात्र मला लागलं. ते म्हणाले, “मॅडम, आम्ही काय एवढे गरीब नाही. पोरीला दुसऱ्याची वापरलेली पुस्तकं कशाला? मला सांगितलं असतं तर नवीन घेतलं असतं.”

यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्या पिढीत जून महिना उजाडला की शेजारच्या ताईची, आतेभावाची जुनी पुस्तकं यायची. अर्ध्या किमतीत. खाकी कव्हर घालून त्यांना नवं करायचं. आत उत्तरांखाली खुणा केलेल्या असायच्या, त्याचा फायदा होता, पण वर्गात ज्यांची पुस्तकं कोरी त्यांचा रुबाब वेगळाच. आता आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं शाळेतून मोफत मिळतात, प्रत्येकाला नवी, एकसारखी. हे फार चांगलं झालं. ज्या बापाने स्वतः लोकांची जुनी पुस्तकं वापरली, त्याला आपल्या मुलीने तेच करावं असं वाटणार नाही. मुलीच्या हातातलं वापरलेलं पुस्तक त्याला आपली जुनी हालाखी वाटते.

पण पाठ्यपुस्तक जुनं मिळणं आणि गोष्टीचं पुस्तक जुनं निवडणं यात फरक आहे. पाठ्यपुस्तकात निवड नव्हती, गरज होती. इथे खिशात पैसे असलेला माणूसही जुनंच पुस्तक घेतो, कारण ते दुसरीकडे मिळत नाही. मी त्या पालकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१३ ते १९१६ या काळात, बडोद्याच्या शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं घेतली असं चरित्रकार धनंजय कीर सांगतात. ती भारतात आणायला एका मित्राकडे सोपवली, त्यातली काहीच पोचली. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं, ती महायुद्धात पाणतीराने बुडाली आणि आणखी पुस्तकं समुद्रात गेली. तरी त्यांनी पुन्हा जमवली, आणि पुस्तकं नीट राहावीत म्हणून दादरला राजगृह बांधलं. ते पालक ऐकत होते. “बाबासाहेबांनी जुनी घेतली?” असं त्यांनी दोनदा विचारलं. पटलं असं ते म्हणाले नाहीत. पण या दिवाळीत मुलीला त्यांनी स्वतःहून पाठवलं.

आणखी दोन आक्षेप घेतले जातात. एक, जुन्या पुस्तकाच्या विक्रीतून लेखकाला एक पैसा मिळत नाही. खरं आहे. पण खडवलीच्या सातवीतल्या मुलाने आज ढिगातून पुस्तक घेतलं नाही तर तो नवं घेणार आहे असं नाही, तो काहीच घेणार नाही. वाचायची चटक लागली तर पुढे कधीतरी नवंही घेईल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, फूटपाथवरच्या चोरट्या प्रतींचा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, चकचकीत, अक्षर किंचित पुसट असलेली खपाऊ पुस्तकं जुन्यांच्या शेजारी मांडलेली असतात. ती जुनी नसतात, चोरीची असतात. मुलांना हा फरक दाखवावा. मी दाखवला. छपाई बघा, कागद बघा, शिवण बघा. जुन्या पुस्तकाला कुणीतरी आधी पूर्ण पैसे मोजलेले असतात, हे त्यांना एका वाक्यात कळलं.

आता जरा दुसऱ्या बाजूने बघू. या ढिगात पुस्तकं येतात कुठून? मी शेठला विचारलं. त्याचं उत्तर असं, “बिल्डिंग पडली की येतात.” डोंबिवली, कल्याण, ठाणे, सगळीकडे जुन्या इमारती पुनर्विकासाला जातायत. नव्या घरात जाईपर्यंत भाड्याच्या जागेत राहायचं, आजोबांची पुस्तकं ठेवायची कुठे? नातवंडं इंग्रजी माध्यमात. मग टेम्पो येतो. डोंबिवलीसारख्या गावात, जिथे २०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, घराघरात चांगले संग्रह होते. ते आता वजनावर जातात. शेठ त्यातलं थोडं बाजूला काढतो, बाकीचं कागदाच्या कारखान्यात लगद्याला. “मॅडम, वाचवून वाचवून मी किती वाचवणार? मला गाळ्याचं भाडं आहे.” कुणी लेखक, कुणी अध्यक्ष, कुणी प्रकाशक त्या क्षणी तिथे नसतो. पुस्तक लगदा होणार की कुणाच्या हाती जाणार हे तो एकटा ठरवतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. जाडीवरून ठरवतो, पण कधी कधी चित्रावरूनही ठरवतो, आणि मुलांची पुस्तकं शक्यतो मारत नाही. ‘मारणं’ हाही त्याचाच शब्द.

पन्नास-साठ वर्षं जपलेली मराठी पुस्तकं डोंबिवलीतून बाहेर पडतायत आणि रेल्वेने तासाभराच्या आत असलेल्या आमच्या गावात मुलांना पुस्तक नाही. या दोन्हींच्या मध्ये तो एक गाळा आणि एक काटा. मला हे फार जवळचं आणि फार सोपं वाटतं, म्हणून चीडही येते. आपल्याकडे पुस्तकांचं कौतुक कमी नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४ चं. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत, देवळात पुस्तकं ठेवली आहेत, बसून वाचायला. उत्तम आहे. त्याची कल्पना जिथून घेतली ते वेल्समधलं हे-ऑन-वाय हे गाव मात्र जुन्या पुस्तकांच्या विक्रीवर उभं राहिलं आहे. रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं, मग दुसरं, तिसरं, आणि १९७७ च्या एक एप्रिलला त्याने स्वतःला त्या गावाचा राजाच जाहीर करून टाकलं. आपण गाव घेतलं, पुस्तकं घेतली, फक्त ढीग आणि घासाघीस तिथेच सोडून आलो. मुलाने वाचून परत जागेवर ठेवलेलं पुस्तक आणि मुलाने दप्तरात घालून घरी आणलेलं पुस्तक, यात माझ्या मते दुसऱ्याचं वजन जास्त. त्यावर तो नाव घालतो. आमच्या सातही जणांनी गाडीतच नावं घातली, जुन्या नावाच्या खाली. एकाने जुनं नाव खोडायला घेतलं तर बाकीच्यांनी त्याला अडवलं. हे मी शिकवलेलं नव्हतं.

कुठे न्यायचं असा प्रश्न येईल. आपापल्या स्टेशनजवळचा रद्दीवाला आधी बघा, हीच सूचना. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तक आदानप्रदानाचं प्रदर्शन भरवते, तिथे वाचून झालेली पुस्तकं द्यायची आणि दुसरी न्यायची. मोठ्या मुलांना माटुंग्याला किंग्ज सर्कलला न्या. जवळच्या कॉलेजांमुळे तिथे अभ्यासाची पुस्तकं जास्त, पण मध्ये मध्ये रत्नं असतात. मुंबईत फाउंटनचा फूटपाथ एके काळी पुस्तकांनी भरलेला असायचा. २००५ साली महापालिकेने तिथले बरेच विक्रेते उठवले, नंतर काही परतले. पूर्वीची गजबज आता नाही, तरी जाऊन या. पुण्याला कुणी नातेवाईक असतील तर अप्पा बळवंत चौक आहेच. निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ शिक्षकांनी जरूर वाचावं. रद्दीच्या दुकानांतून आणि फूटपाथवरून एक माणूस केवढा वाचक होऊ शकतो ते त्यात आहे.

आणि शिक्षकांना एक विनंती. तिथे गेल्यावर शिकवू नका. प्रकल्पवही, पुस्तक परीक्षण, पाच ओळी लिहून आणा, यातलं काहीही नको. मी पहिल्या वेळी एक चूक केली, परतताना गाडीत विचारलं, “कुणाला काय आवडलं, का आवडलं?” सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. टिटवाळा जाईपर्यंत कुणी बोललं नाही. तिथे मी प्रश्न मागे घेतला, तेव्हा मोटारवाल्याने आपणहून सांगायला सुरुवात केली की तांब्याच्या तारेला वार्निश का लावतात.

आता ती रहस्यकथा. मुलीने पंधरा रुपयांना घेतलेलं ते पुस्तक, पॉकेटबुकाच्या आकाराचं. मुखपृष्ठ नाही, आतलं नावाचं पानही नाही. पानांच्या डोक्यावर नाव छापलेलं नाही. तिने दोन दिवसांत वाचून काढलं आणि सोमवारी शाळेत आली ती रागाने लाल होऊन. शेवटची सोळा पानं गायब. अख्खा फर्मा. खून कुणी केला ते सांगायला नायकाने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलंय आणि पुस्तक संपलं. “मॅडम, ह्याला काय अर्थ आहे? शेठला पैसे परत मागा.” पैसे परत मागायचे नसतात असं मी सांगितलं. मग म्हणाली, “पूर्ण पुस्तक शोधून द्या.”

नायक झुंजार आहे, त्यामुळे लेखक अर्नाळकर एवढं नक्की. पण अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजारच्याच कितीतरी. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे, कल्याणला, माटुंग्याला, मागच्या मे महिन्यात पुण्याला, जी झुंजारकथा दिसेल तिची शेवटची पानं उघडून बघते, दिवाणखान्यात माणसं जमली आहेत का. पाच-सहा ठिकाणी जमलेली सापडली. पण माणसं वेगळी. ती मुलगी आता नववीत आहे, कल्याणच्या शाळेत जाते. गाडीची वाट बघताना प्लॅटफॉर्मवर भेटली की नमस्कार वगैरे काही नाही, थेट विचारते, “मिळालं?” मी मान हलवते. गेल्या महिन्यात म्हणाली, “मी पण बघतेय मॅडम. शाळेच्या मागे एक रद्दीवाला आहे, तुम्हाला माहिती नसेल.”